चिपळूणच्या पुरातलं रंधा मशीन: बिडाच्या टेबलावरचा गंज काढतानाच्या नोंदी

२८ ऑक्टोबर २०२३

मशीन एकदाचं देवरुखला पोचलं. खंडेनवमीच्या आधी आणायचं होतं म्हणजे पूजेला बसलं असतं, पण टेम्पो मिळाला नाही. बारा इंची रंधा मशीन आहे, जुनं, सगळं बिडाचं म्हणजे ओतीव लोखंडाचं, पुढचं टेबल मागचं टेबल आणि मध्ये पाती बसवलेला फिरता कटरब्लॉक, बाजूला फळी टेकवायची गाइड. ज्या दादांकडून घेतलं त्यांचं दुकान चिपळूणला बाजारपेठेच्या अंगाला होतं आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा हे मशीन पूर्ण पाण्याखाली होतं. मोटर त्यांनी नंतर वाइंडिंग करून विकून टाकली, मशीन मात्र मागच्या पडवीत ताडपत्री गुंडाळून तसंच राहिलं, दोन पावसाळे. सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. "टेबल सरळ आहे रे त्याचं, भंगारात नको जायला," एवढंच म्हणाले. त्यामुळे हे काम नीटच करायचं.

चौघांनी मिळून उतरवलं. ताडपत्री काढल्यावर पहिल्यांदा काही न पुसता भरपूर फोटो काढले, वरून, बाजूने, तिरप्या उजेडात. हे आधी करावं असं माझं ठाम मत आहे, कारण एकदा हात मारला की कुठला डाग कशामुळे पडला हे कळायला काही मार्ग राहत नाही.

टेबलावर सगळीकडे केशरी भुकटीसारखा गंज आहेच, बोट फिरवलं की बोटाला लागतो. तो वरवरचा. त्याखाली जागोजागी गोल काळपट कडी दिसतायत, डबे ठेवलेले असणार त्यांच्या बुडाच्या. कटरब्लॉकच्या तोंडापाशी दोन्ही टेबलांना काळी बेटं आहेत आणि तिथे नख अडकतं, म्हणजे खड्डे पडलेत. ताडपत्रीची घडी जिथे टेकत होती तिथे लांबलचक रेघा. आणि मागच्या टेबलावर एक चौकोनी निळसर काळा डाग, कडा एकदम सरळ, तो गंजाच्या रंगाचा नाहीच.

ताडपत्रीचं लोकांना वाटतं की झाकलं म्हणजे वाचलं. जमिनीतला ओलावा खालून वर येतो, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि तेच टेबलावर टपकत राहतात, बाहेर ऊन पडलं तरी आत सुकत नाही. उघडं ठेवलं असतं तर कदाचित कमी गंजलं असतं.

२९ ऑक्टोबर २०२३

आज फक्त गाळ. पुराचा गाळ दिसायला मऊ पण त्यात बारीक रेती असते, त्यावर तेल ओतून घासायला घेतलं तर आपणच टेबलावर ओरखडे पाडणार. म्हणून सगळं कोरडंच, रंगाचा जुना ब्रश आणि व्हॅक्यूम. गाइडच्या खाचेत, टेबल वरखाली करायच्या उताराच्या पट्ट्यांमध्ये, बोल्टच्या भोकांत, जिथे हात घालावा तिथे गाळ. बेअरिंग तर गेलेलीच आहेत, ती नवीन बसवायची, कटरब्लॉक काढून बाजूला ठेवला.

एक गोष्ट बघण्यासारखी होती. टेबलाची खालची बाजू, जिथे कास्टिंग जसं साच्यातून निघालं तसंच आहे, तिथे गंज अगदीच कमी. वरची बाजू मशीनिंग केलेली, तिची ओतकामाची वरची कातडी निघून गेलेली असते आणि आतलं उघडं बीड हवेला सापडतं. म्हणजे ज्या बाजूवर आपलं सगळं काम अवलंबून तीच सगळ्यात नाजूक.

४ नोव्हेंबर २०२३

शेजारचे फिटर काका येऊन बघून गेले, आयटीआयमधून रिटायर झालेत, हात अजून पक्का आहे. मी म्हटलं काका आता घासायला घेतो. ते म्हणाले, "अरे टेबल चमकवायचंय का सरळ ठेवायचंय, ते आधी ठरव. सरळ ठेवायचं असेल तर आधी माप घे."

मग घरून त्यांची मीटरभराची स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, आणि फट मोजायच्या पातळ पानांचा फीलर गेज आणला. दोन्ही टेबलांवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत पट्टी ठेवून मागे टॉर्च धरला आणि कुठून उजेड येतो ते बघितलं. मागचं टेबल उत्तम, ०.०५ मिलिमीटरचं पान कुठेच जात नाही. पुढच्या टेबलाच्या बाहेरच्या एका कोपऱ्यात ०.१ चं पान जेमतेम जातं, बाकी ठीक. पट्टी ठेवायच्या जागा आधी ब्लेडने खरवडून घेतल्या होत्या, नाहीतर पट्टी गंजाच्या फोडांवर बसते आणि माप खोटं येतं. सगळं मार्करने टेबलावरच लिहून ठेवलं आणि त्याचाही फोटो.

दुकानादुकानांत सर्रास चालणारी पद्धत म्हणजे ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावायची आणि दहा मिनिटांत चकाचक. मला ते बघवत नाही. डिस्क जिथे जास्त वेळ टेकते तिथे खोलगट होतं, डोळ्याला दिसत नाही पण पट्टी ठेवली की कळतं, आणि रंध्याच्या टेबलाला खोलगा पडला की फळीची कड सरळ निघतच नाही, दोन फळ्या जोडायला घ्या, मध्ये किंवा टोकाला फट येणारच. मग सुतार पात्यांना दोष देत बसतो. गंज पाव मिलिमीटर खोल आणि आपण घासून अर्धा मिलिमीटर बीड उडवलं तर पुराने केलं त्यापेक्षा जास्त नुकसान आपण केलं.

काकांनी कोल्हापूरला, शिरोलीकडे टाकून सर्फेस ग्राइंडिंग, म्हणजे मशीनवर अख्खं टेबल सपाट घासून आणायचा पर्यायही सांगितला. टेबल वाकलेलं असतं तर नक्की केलं असतं. या मापाला गरज नाही.

५ नोव्हेंबर २०२३

खरवडायला सुरुवात. ब्लेडचा स्क्रॅपर, काच साफ करायला वापरतात तो. ब्लेडचे दोन्ही कोपरे ऑइलस्टोनवर थोडे गोल करून घेतले म्हणजे टोक रुतून रेघ पडत नाही, आणि ब्लेड जवळजवळ आडवं धरून पुढे ढकलायचं. यामागचं गणित सोपं आहे, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणजे तो पृष्ठभागाच्या वर फुगून आलेला असतो, आणि ब्लेड खालच्या चांगल्या बिडावर टेकून सरकत जातं आणि वर आलेलं तेवढंच कापून नेतं. कुठलाही कागद किंवा ब्रश हे करू शकत नाही, ते वरचं खालचं सगळं सारखंच घासतात.

ओलं करायला डिझेल घेतलं. पूर्वी रॉकेल घ्यायचो, आता रॉकेल मिळणंच मुश्किल झालंय. डब्ल्यूडी-फॉर्टी पण चालतं पण एवढ्या मोठ्या टेबलाला ते परवडत नाही. पाणी अजिबात नाही. डिझेल शिंपडून दहा मिनिटं मुरू द्यायचं, खरवडायचं, तपकिरी चिखल होतो तो बनियनच्या चिंधीने पुसायचा, परत डिझेल. हातमोजे घातलेच पाहिजेत आणि दार खिडक्या उघड्या. चिंध्या गोळा करून कोपऱ्यात न टाकता बाहेर दगडावर पसरून ठेवल्या.

केशरी रंग जवळजवळ सगळा गेला. टेबल आता तपकिरी काळं दिसतंय पण हाताला गुळगुळीत लागायला लागलंय.

१८ नोव्हेंबर २०२३

दिवाळीत काम बंद होतं. टेबलाला मध्यंतरी डिझेलवर मशीन ऑइलचा हात मारून ठेवला होता, नवीन काही आलं नाही.

आज घासणी. मरून रंगाची नायलॉनची औद्योगिक घासणी मिळते ती, सागाच्या ठोकळ्याला गुंडाळून. ठोकळा महत्त्वाचा, नुसत्या बोटांनी दाबून घासलं की बोटांखाली जास्त आणि मधे कमी असं होतं. आणि घासायचं ते फळी ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने, लांबीत, पूर्ण टेबलभर हात फिरवत. एका डागावर बसून गोल गोल घासायचा मोह होतो, तो टाळायचा. डाग जिथे आहे तिथे चार हात मारले तर शेजारीही चार हात मारायचे.

लाल तपकिरी सगळं निघालं आणि खाली राहिले ते काळे डाग. इथेच बहुतेक लोक चिडतात आणि ग्राइंडर उचलतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. काळा डाग म्हणजे बहुतांशी मॅग्नेटाइट, लोखंडाचाच ऑक्साइड पण लाल गंजासारखा भुसभुशीत नाही, घट्ट बसलेला असतो. त्यात भर म्हणजे बिडामध्ये अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि ग्रे बिडात तो बहुतेक ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो, आजूबाजूचं लोखंड गंजून गेलं की ग्रॅफाइट उघडं पडतं आणि ते काळंच असतं. म्हणजे काळेपणा सगळाच आजार नाही.

तपासायची पद्धत नखाची. डोळे मिटून नख फिरवायचं, डाग कुठे सुरू झाला हे कळलं नाही तर तो नुसता रंग आहे, त्याने फळीला काही होत नाही, सोडून द्यायचा. नख अडकलं तर खड्डा आहे, त्याच्या तळाशी जिवंत गंज असू शकतो, तो पुढे वाढेल, त्याच्याकडे बघायला हवं. आमच्या टेबलावर डब्यांची गोल कडी, ताडपत्रीच्या रेघा, सगळ्या नुसता रंग. खड्डे फक्त तोंडापाशी.

२५ नोव्हेंबर २०२३

खड्ड्यांसाठी ॲसिड लागणार, पण आधी गाइडच्या मागच्या बाजूवर ट्रायल. ती बाजू कशाला लागत नाही आणि गंज तिथेही तसाच आहे.

लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात सुटं मिळतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, म्हणजे पाच टक्के. जुन्या सुती कापडाचा तुकडा भिजवून डागावर ठेवला, वर प्लास्टिक, अर्ध्या तासाने उचलून बघितलं. शेजारी दुसऱ्या जागेवर बाजारातला व्हिनेगर ठेवला होता, तो चार-पाच टक्क्यांचाच असतो पण फारच सावकाश चालतो. लिंबूसत्वाने अर्ध्या तासात खड्ड्यातला लाल रंग सुटला आणि कापड पिवळं झालं.

ॲसिड गंज खातं तसं थोडं थोडं लोखंडही खातं आणि ग्रॅफाइट तसंच ठेवतं, म्हणून ॲसिड लावलेली जागा गडद राखाडी होते आणि पुसलं की बोटाला शिसपेन्सिलीसारखं काळं लागतं. डाग काढायला ॲसिड लावलं आणि डाग आणखी काळा झाला अशी तक्रार ऐकतो ती यामुळेच. दुसरं, कापडाची कड जिथे सुकते तिथे रेघ उमटते आणि ती सहज जात नाही, म्हणून प्लास्टिक कापडापेक्षा मोठं हवं आणि कापड सुकू द्यायचंच नाही. तिसरं, ॲसिड काढल्यावर चांगलं लोखंड एकदम उघडं असतं आणि डोळ्यांदेखत केशरी होतं. पुसलं की लगेच पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा, लगेच कोरडी चिंधी, लगेच हीट गन आणि टेबल कोमट असतानाच तेल, यात चहा प्यायला थांबायचं नाही.

आईने विचारलं, कोकमाचं आगळ का नाही लावत, तांब्या-पितळेला एवढं छान निघतं. आंबटपणा चालेल पण आगळात भरपूर मीठ असतं, आणि मीठ बिडाच्या बारीक छिद्रांत एकदा शिरलं की धुऊन जात नाही, प्रत्येक दमट दिवशी तिथूनच गंज फुटणार. चिंच-मिठाचंही तेच. संडास साफ करायचं ॲसिड तर वर्कशॉपच्या आत उघडूच नये, त्यात हायड्रोक्लोरिक असतं आणि त्याची वाफ खोलीतल्या प्रत्येक पटाशीला, प्रत्येक कानशीला गंज चढवते, बाटली नुसती सैल बुचाची असली तरी. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, किडनीला वाईट. लाकडावरचे लोखंडाचे काळे डाग काढायला ते उत्तम आहे आणि त्यासाठी मी जपून वापरतो, टेबलाला नाही.

९ डिसेंबर २०२३

तोंडापाशीच्या काळ्या बेटांवर लिंबूसत्वाच्या पट्ट्या. कापड खड्ड्यांच्या आकाराचंच कापलं, पातळ पट्ट्या, वर प्लास्टिक आणि त्यावर काचेचा तुकडा. वीस मिनिटं, उचलायचं, पितळेच्या बारीक ब्रशने खड्डा झटकायचा, परत वीस मिनिटं. पितळ बिडापेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. लाल निघायचं थांबलं तेव्हा थांबलो. सोडा, हीट गन, तेल.

खड्डे आहेत तिथेच आहेत पण आता आत राखाडी आणि कोरडे. ते भरायचे नाहीत आणि त्यांच्या तळापर्यंत टेबल घासून आणायचं तर मुळीच नाही. फळी खड्ड्यावरून सरकते, तिला आजूबाजूची सपाटी हवी, खड्ड्याचं तिला काही नाही. मेण भरलं की झालं.

१६ डिसेंबर २०२३

सुटे भाग. गाइडचा ब्रॅकेट, हँडव्हील, बोल्ट, नट, वायसर. हे हाताने घासत बसण्यात अर्थ नाही, इलेक्ट्रोलिसिस लावलं. प्लास्टिकचा टब, पाणी, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, जुना बॅटरी चार्जर बारा व्होल्टचा. चार्जरची निगेटिव्ह क्लिप आपल्या भागाला आणि पॉझिटिव्ह सळईच्या तुकड्यांना, दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. उलटं जोडलं तर आपला भाग खाल्ला जाईल, म्हणून स्विच टाकायच्या आधी परत एकदा बघायचं. स्टेनलेसचा तुकडा सळईच्या जागी लावू नये, त्यातला क्रोमियम पाण्यात उतरतो आणि तो विषारी असतो. अॅल्युमिनियमचे भाग सोड्यात टाकू नयेत. स्प्रिंगा आणि कडक केलेले भागही नाहीत, हायड्रोजन आत शिरून ठिसूळ होतात. आणि हायड्रोजनचे बुडबुडे सतत निघतात म्हणून टब अंगणात, चूल वगैरे लांब.

रात्रभर ठेवलं. सकाळी वर काळा चिखल, तो ब्रशने धुतला की खाली कास्टिंग नवीन निघाल्यासारखं. यात चांगलं लोखंड खाल्लं जात नाही हा याचा मोठा फायदा, हँडव्हीलवरचे आकडेसुद्धा स्वच्छ वाचता आले. टेबल मावेल एवढा टब असता तर टेबलही यातच घातलं असतं.

३० डिसेंबर २०२३

मशीनची बॉडी आणि पाय. इथे सपाटीचा प्रश्न नाही, रंग द्यायचाय, म्हणून सगळा गंज उपटून काढायची गरज नाही, आहे तो बांधून टाकला तरी चालतो. बाजारात फॉस्फोरिक ॲसिडचे कन्व्हर्टर मिळतात, गंजाचं लोखंडी फॉस्फेट करतात, काम चांगलं करतात. मी हिरडा वापरला. सह्याद्रीत हिरड्याला तोटा नाही, टॅनिन त्यात भरपूर, आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की निळसर काळा घट्ट थर होतो. हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी काळी शाई करत तीच ही रसायनं. हिरडे कुटून पाण्यात उकळले, गाळून, तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडलेल्या बॉडीवर ब्रशने दोन हात. पहिल्या हातातच बॉडी डोळ्यांसमोर जांभळट आणि मग काळी झाली. सुकल्यावर प्रायमर आणि हिरवा इनॅमल.

ते करताना टेबलावरच्या त्या चौकोनी निळ्या डागाचा उलगडा झाला. हाच रंग. पूर आला तेव्हा टेबलावर ओली फळी राहिलेली असणार, खैर किंवा ऐन किंवा बाभूळ, टॅनिनवालं लाकूड, आणि गाळाखाली ती तिथेच चिकटून राहिली. दादांना फोन केला. ते म्हणाले हो, खैराची फळी होती, चौकटीचं काम चालू होतं, पाणी आलं तेव्हा सगळं तसंच टाकून वरच्या मजल्यावर पळालो. दोघंही जरा वेळ काही बोललो नाही.

तो डाग नखाला लागत नाही. उलट टॅनिनच्या थराखाली बीड चांगलं राहिलंय, बाजूच्या भागापेक्षा बरं. तो ठेवणार आहे.

आणि यातून रोजच्या कामाचीही एक गोष्ट निघते, ओली फळी, विशेषतः खैर, ऐन, बाभूळ, अगदी सागसुद्धा, टेबलावर रात्रभर ठेवू नये. भुसा पण झाडूनच घरी जायचं, भुसा ओलावा ओढून धरतो आणि टेबलाला लावून ठेवतो.

६ जानेवारी २०२४

थंडी आहे, हवा कोरडी, शेवटचा हात मारायला हेच दिवस. एमरी ३२० आणि मग ४०० नंबर, ठोकळ्यावर, डिझेलबरोबर, हलक्या हाताने, लांबीत. दोन्ही मिळून पाऊण तासापेक्षा जास्त नाही. आरसा करायचा नाहीये, फळी सरकली की झालं. बीड मुळातच हाताला लागतं त्यापेक्षा निसरडं असतं, ग्रॅफाइट आतून वंगणाचं काम करतं.

मग पट्टी आणि फीलर परत. मागचं टेबल होतं तसंच, पुढच्या टेबलाचा कोपरा होता तसाच. मला या नोंदीतलं सगळ्यात समाधानाचं वाक्य हेच वाटतं.

थिनरने पुसून डिझेलचा अंश काढला, हीट गनने टेबल हाताला गरम लागेपर्यंत तापवलं आणि मेण. मधमाशीचं मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन भाग, मेणाचं भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, थेट आचेवर कधीच नाही, आणि टर्पेंटाइन आचेपासून लांब नेऊन मिसळायचं. पातळ हात, वीस मिनिटं, मग कोरड्या चिंधीने पुसून काढायचं. गरम टेबलात मेण खड्ड्यांत आणि छिद्रांत उतरतं. गाडीच्या पॉलिशने टेबल छान चमकतं पण त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं, ते फळीला लागतं आणि पुढे लाकडाला मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारताना रंगात खड्डे पडतात, कुठून आले कळत नाही. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल पण नको, चिकट होऊन त्यावर भुसा बसतो.

नवी बेअरिंग, दुसरी मोटर आणि धार लावलेली पाती बसवली, मागचं टेबल पात्यांच्या उंचीला आणलं. सागाच्या दोन फळ्यांच्या कडा मारून एकमेकींवर ठेवल्या आणि मागे टॉर्च. उजेड नाही. काकांनी स्वतः फळ्या उलटसुलट करून बघितल्या आणि मान हलवली.

२१ एप्रिल २०२४

पाऊस नसतानाही डाग येतात. टेबलावर हाताचे पंजे उमटलेत, केशरी, बोटं मोजता येतील असे. घाम. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कोपरापासून घाम निथळत असतो आणि घामात मीठ. ताजा डाग ब्लेड आणि दोन थेंब डिझेलने मिनिटात जातो, महिनाभर राहिला की काळा होऊन बसतो. त्यामुळे आता शेवटची फळी झाली की कोरडी चिंधी, आणि आठवड्याला मेणाचा हात. बँडसॉच्या, म्हणजे पट्ट्याच्या करवतीच्या मशीनच्या, टेबलावर मागच्या खंडेनवमीच्या ओल्या हळदीकुंकवाचे आणि झेंडूच्या देठांचे ठिपके अजून आहेत. यंदापासून पूजा टेबलावर केळीचं पान आणि त्याखाली जाड पुठ्ठा ठेवून. देवाला त्याने काही कमी पडत नाही.

१५ जून २०२४

पाऊस चांगला लागलाय. भिंतीवरचा आर्द्रतेचा मीटर नव्वदच्या आसपास. साठ टक्क्यांच्या वर गेलं की लोखंड गंजायचा वेग वाढतो, म्हणजे आता चार महिने आम्ही त्याच्या वरच.

छप्पर गळत नाही तरी टेबल ओलं का होतं याचं उत्तर जाडीत आहे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर साधारण २६ अंशालाच दव धरतं. रात्री टेबल गार होतं, सकाळी बाहेरची हवा पटकन तापते पण एवढं जाड बीड सावकाश तापतं, ते दोन अंश मागे राहिलं की हवेतलं पाणी त्याच्यावर येऊन बसतं. मग टेबलच खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम ठेवलं की प्रश्न मिटला. टेबलाखाली बॉडीच्या आत चाळीस वॉटचा जुना तारेचा बल्ब लावलाय, जाळीच्या पिंजऱ्यात, भुसा पूर्ण काढून, होल्डर सिरॅमिकचा. एलईडी इथे कामाचा नाही, तो फारसा तापत नाही. वर आजीची जुनी गोधडी. गोधडी हवा खेळू देते, प्लास्टिक नाही.

लाइट गेली की बल्ब गेला, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दोन दोन दिवस जाते. त्यासाठी मेणावर पातळ मशीन ऑइल आणि व्हीसीआय पेपर, ज्यातून गंज रोखणारी वाफ सावकाश निघत राहते तो, टेबलावर पसरून मग गोधडी. पात्यांच्या डब्यात कापराच्या वड्या, ही जुन्या सुतारांची पद्धत, पातीला कापराचा बारीक थर बसतो.

२७ जुलै २०२४

या आठवड्यात पावसाने उसंत दिली नाही, लाइटही बराच वेळ नव्हती. आज गोधडी काढली. खिडकीकडच्या कडेला तळहाताएवढा फिकट केशरी पट्टा, तिथे कागद सरकला होता आणि वाऱ्याबरोबर झड आत येत होती. ब्लेड, डिझेल, मरून घासणी, गरम करून मेण, अर्ध्या तासात गेला, काळं काही राहिलं नाही. खिडकीला आतून पत्र्याची पट्टी मारली. तोंडापाशीचे खड्डे भिंगातून बघितले, मेण जागेवर आहे, लाल कुठे नाही.

दादांना फोटो पाठवला होता. त्यांनी पुतण्याला घेऊन बघायला येतो म्हणून कळवलंय, तो पोरगा सुतारकाम परत सुरू करायचं म्हणतोय. गणपतीच्या मखरांच्या ऑर्डरी पुढच्या आठवड्यात सुरू होतील, तेव्हा मशीन रोज चालेल, गोधडी आणि कागद काढून ठेवतो, बल्ब रात्रीपुरता राहू दे. त्याच्या आधी ब्लेडची पाकिटं आणि तीन-चार मरून घासण्या आणून ठेवायच्या आहेत, पुढचं काम बँडसॉचं टेबल.